समास

बैठकीत माझं मत विचारलं,
मी म्हणाले, आधी पंखा दुरुस्त करा.
सगळे हसले.
इतिवृत्तात नोंद झाली:
डॉ. वेझी न्यिरोंगो, अनुकूल.

रुम्फीत वीज येते ती पाहुण्यासारखी,
चहा होईपर्यंतही थांबत नाही.
थोरले डॉक्टर गोंड्वे म्हणाले,
मला एका रुग्णामागे चार मिनिटं मिळतात,
त्यातली तीन या काचेला देऊ?
तर तापीवा, परवाच रुजू झालेला पोरगा, म्हणाला,
सर, तुमचं अक्षर
औषधवाल्या बाईंना लागत नाही.
त्या माझ्याकडे येतात विचारायला,
मी अंदाज सांगतो.

यावर कुणी हसलं नाही.

माझा जीव वह्यांत.
इथे प्रत्येकाची आपली वही असते,
साखरेच्या पिशवीचं प्लास्टिक घातलेली.
आत वजन, हिवताप, टाके,
मध्येच मक्याच्या पोत्याचा भाव,
भावाचा फोन नंबर,
पोराने काढलेली शेळी, पाच पायांची.
एकीच्या समासात मी लिहिलं होतं:
नवरा जोहान्सबर्गला. सावकाश विचारा.

पडद्याला समास नाही.
चौकट आहे, चौकटीत बाण,
बाणाखाली चौदा पर्याय,
आणि तळाशी, पायरीवर बसल्यासारखं, इतर.
इतरमध्ये साठ अक्षरं मावतात.
मी मोजून पाहिलीत.

मार्चमध्ये नदी वर चढली
आणि वह्या वाहून गेल्या.
बायका आल्या ओल्या चितेंग्यात,
रिकाम्या हातांनी,
आपण कोण हे तोंडीच सांगत.
तियेसेला तेही सांगता येईना.
सासू म्हणाली, म्कांडावायरे,
आणि रक्त जमिनीवर आलं होतं.

कुम्वेंडा काका, नोंदणीचे,
एका बोटाने टंकतात,
कोंबडी दाणे टिपते तसे.
बॅटरी अकरा टक्के.
तियेसे म्कांडावायरे: तीन निघाल्या.
एक साठ वर्षांची. एक मागच्या साली वारलेली,
तिला कुणी अजून बंद केलं नव्हतं.
तिसरी ही.
मागचं सीझर. रक्त चढवताना
अंगावर गांधी, धाप, थांबवलं.
हे मला माहीत असायला हवं होतं.
तेव्हा तिथे मीच होते.

त्याखाली, इतर.
माझेच शब्द:
पहिलं बाळ गेलं. मुलगी, लुसुंगु. आईशी बोलताना नाव घे

पुढचं ऊन आणि बोला
यंत्राने छाटलं होतं.
मी कुणा दुसऱ्यासाठी लिहिलेली विनंती,
मलाच एकेरीत हुकूम देऊन उभी.

दिवा गेला.
तापीवाने दातांत टॉर्च धरली.
रक्तपेढीला सांगून पाठवलं, नीट जुळवा, दोनदा.
आणि भूल चढेपर्यंत
मी तिच्या कानाशी म्हणत राहिले,
लुसुंगु. लुसुंगुची आई, ऐकतेस ना?
तिने डोळे उघडले.
इतकंच. पण उघडले.

ती वाचली. बाळही,
नाकावर टाचणीएवढा ओरखडा.
नवी वही करून दिली,
प्लास्टिक सासूने शोधून आणलं.

पुढल्या बैठकीत मी पंख्याचंच बोलले.
मग म्हणाले,
त्या वारलेल्या तियेसेला कुणीतरी
नीट निरोप द्या.
आणि ती शेवटची चौकट
जरा मोठी करता आली तर बघा.
साठ अक्षरं कमी पडतात.

इतिवृत्तात काय लिहिलं
ते अजून पाहिलं नाही.