कंगोरे

तिचं नाव सिकुजुआ.
स्वाहिलीत अर्थ होतो : मला माहीत नव्हतं.
आईला पाचव्या महिन्यापर्यंत पत्ताच लागला नव्हता,
म्हणून आजीने ठेवलेलं.
शाळेत मास्तर विचारायचे, उत्तर कोण देणार?
आणि हिचं नाव पुकारलं
की वर्गभर खसखस.

आता ती उलुगुरूच्या पायथ्याशी
पत्र्याच्या खोलीत बसते.
समोर उंदीर, पोटाशी उघडलेला,
आतडं काचेच्या बशीत
उसवलेल्या लोकरीसारखं सैल.

लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात म्हणे.
हिचं काम त्याच्यापुढे सुरू होतं.

पिंजरे लावतो म्हातारा कुनांबी,
कसाव्याच्या वाफ्यांत, ओढ्याच्या दोन्ही काठांना.
आमिषाला कुटलेले शेंगदाणे
आणि सुक्या डागा मासळीचा चुरा.
"माझ्या नातवाला मिळत नाही रोज,"
म्हणतो, आणि बोट चाटतो.
साठ पिंजरे. पहाटे दवातून मोजत जायचं.
एकात बेडूक.
एकात कोणीच नाही, आमिष मात्र फस्त.
उंदीर सतरा.
त्यातला अकरावा पलीकडच्या काठाचा,
कानाला जुनी चीर असलेला.

अकराव्याच्या आतड्यात ते होते.
लालसर, केसाहून जरासे जाड,
पेनातल्या स्प्रिंगसारखे वळलेले,
मिठाच्या पाण्यात अजून
सावकाश पीळ घेणारे.

शास्त्रात उंदराला यजमान म्हणतात.
पंगत कोणी बोलावली
हे यजमानाला विचारायची पद्धत नाही.

अल्कोहोलमध्ये मुरल्यावर
तिने एकाचे ब्लेडने आडवे काप केले,
काकडीचे करतात तसे,
फक्त काकडी दिसत नाही इतकी बारीक.
कापाच्या कडेला कंगोरे असतात,
अंगभर उभे गेलेले,
त्यांनी तो आतड्याच्या भिंतीला धरून राहतो.
कंगोरे मोजायचे.
बावीस.
पुस्तकात एकोणीस.
पुन्हा मोजले. बावीस.
तिसऱ्यांदा मोजताना वीज गेली,
तेव्हा मोबाइलचा दिवा आरशाखाली तिरपा धरून
ओठ हलवत, हिशेब घालणाऱ्या वाण्यासारखे,
एक, दोन, तीन...
बाहेर कोणीतरी जनरेटरला शिव्या देत होतं.
बावीस.

नराच्या शेपटाला पंखा असतो.
याचा डावीकडे ऐसपैस, उजवीकडे आखूड,
घाईत उघडलेल्या छत्रीसारखा.
तो तिने पेन्सिलीने काढला,
खोडला, काढला.
अख्खा आठवडा एका शेपटात गेला.

कुनांबीला सांगितलं तेव्हा तो पिंजरे घासत होता.
"नवीन म्हणजे? कालच जन्मला?"
"नाही. आहे पूर्वीपासूनच."
"मग नवीन कोण?"
तिला पटकन सुचलं नाही.

"त्याला नाव द्यावं लागतं," ती म्हणाली.
"तुझं दे."
"स्वतःचं देत नाहीत. तुमचं देऊ?"
म्हातारा थुंकला, रीतसर, बाजूला वळून.
"मेल्यावर पूर्वज विचारतील,
आमचं नाव कुठे ठेवून आलास?
काय सांगू? उंदराच्या आत,
जठराच्या खाली, दोन बोटं?"
आणि मग इतका हसला
की पिंजऱ्याची झडप अंगठ्यावर पडली.

अंगठा चोखत म्हणाला,
"ओढ्याचं दे. म्सोंगेचं.
ओढ्याला कोण हसतंय."

पलीकडच्या काठावर आता लाल खुंट्या ठोकल्यात,
रस्ता येणार म्हणतात, की पाइप.
नंतर लावलेल्या साठ पिंजऱ्यांत
तिथला एकही उंदीर आला नाही.
तिच्याकडे नर सात, माद्या बारा,
एक कापलेला.
तेवढ्यावर एक जात उभी करायची.

उत्तम नर वेगळा काढला.
तो विमानाने जाईल, थंडीच्या देशात,
एका लांबलचक फडताळात.
बाटलीत बोटभर चिठ्ठी सोडायची,
पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई अल्कोहोलला टिकत नाही.
गाव. ओढा, काठ पलीकडचा.
यजमान. लहान आतडं, वरचा भाग.
ओळख पटवणारी : सिकुजुआ.
आणि तिच्या वरच्या ओळीत, नियमाप्रमाणे,
गोळा करणारा : कुनांबी.

त्याला वाचता येत नाही.
तिने सांगितलं नाही.
झाकण फिरवलं, मेणाने बंद केलं.
तो दारात उभा होता, हातात वाडगा,
उरलेले शेंगदाणे नेऊ का, विचारत.