सुरी ट्रकमध्ये गेली

पिसं काढून, पोट साफ करून
गुंफाने सुरी क्रेटवर ठेवली
आणि हात धुवायला गेली.
तेवढ्यात पोरांनी तो क्रेट चढवला,
ताडपत्री ओढली, दोर आवळले,
ट्रक निघाला पांढुर्ण्याच्या रस्त्याने
आंबिया बहराची शेवटची संत्री
आणि आमची एकुलती एक सुरी घेऊन.

"आता तुकडे कायनं करता वं?"
पंचफुलाबाईने मलाच विचारलं,
जशी काही सुरी मीच विकली.
माणसं गाडीसोबत, ठेकेदार वरूडला,
बागेत आम्ही चौघी,
आणि परातीत कोंबडी, अख्खी,
पाय पोटाशी घेऊन
थंडीत झोपलेल्या पोरीसारखी.

देवका म्हणाली, "रोडगे कसे भाजतो आपण?
तशीच घालू आरात."

मीठ चोळलं. भिवापुरी तिखट चोळलं,
जे पंचफुलाबाई पदराच्या गाठीत घेऊन फिरते,
परक्या गावच्या मिरचीवर विश्वास नाही म्हणून.
लसणाचे कांदे न सोलता ठेचले.
सांभार धुऱ्यावरचा, ओव्याची पानं विहिरीजवळची.
माझा हात तुळशीकडे गेला तर देवका ओरडली,
"तिले नोको ओढू यात! थे काय म्हणन मंग?"
मग गवती चहाची जुडी घेतली, गाठ मारून.

आत भरायला गळलेली संत्री,
डागाची, लिंबाएवढीच राहिलेली,
व्यापाऱ्याने पायाने बाजूला सारलेली.
दिवसभर हेच तर केलं होतं आम्ही:
हे इकडे, हे तिकडे, हे टाक.
टाकलेल्यांतली चार उचलली,
दातांनी साल फोडली.

जंभेरी गुंफाने आणली, अंधारातून.
संत्र्याचं झाड बुडाशी जंभेरीचंच असतं,
वर डोळा बांधतात संत्र्याचा.
खालून फुटवा आला की छाटतात,
दरवर्षी, बोलूच देत नाहीत.
एक राहून गेला होता बागवाल्याच्या नजरेतून,
त्याला दोन फळं, खरबरीत,
रस असा की डोळा आपोआप मिटतो.
तिने पिळली आत, कातडीवर,
आणि आमच्या बोटांच्या चिरांवर.
कोणी हाय म्हटलं नाही, फुंकर मात्र सगळ्यांनी मारली.

पळसाची पानं तीन पदर,
वरून काळ्या मातीचा लेप,
खाली गोवऱ्या, संत्र्याच्या वाळल्या काड्या.
रोडगा झाला की टिचकीला वाजतो.
हिला टिचकी कुठे मारायची?
देवकाने दोनदा काठी टोचली,
दोनदा शिव्या खाल्ल्या.

माती फुटली तेव्हा
तीन आठवड्यांत नाकाने सोडून दिलेला संत्र्याचा वास
परत आला,
पण करपट, तुपकट,
मोठी होऊन माहेरी आलेल्या पोरीसारखा,
ओळखायला एक क्षण लागला.

मग कोणी हातच घालेना.
तुकडे असते तर आधीच ठरलं असतं सगळं,
तंगडी कोणाची, कलेजी कोणाची,
मान आणि पंजे गंजाच्या तळाला
वाढणारीसाठी.
इथे कोणी कापलंच नव्हतं काही.
गुंफाचा हात आपसूक मानेकडे गेला.
पाहिलं सगळ्यांनी.
पंचफुलाबाईने तंगडी पिळली,
सांधा न ओढताच सुटला,
गुंफाच्या भाकरीवर ठेवली.
"खाय."

रस कोपरापर्यंत आला, तिखट आणि कडसर,
सालीचा कडवटपणा थोडा जास्तच झाला होता,
पुढच्या वेळी साल काढायची, देवका म्हणाली.
पुढची वेळ कुठली, ते कोणी विचारलं नाही.
मान बागेतल्या कुत्र्याला टाकली.
त्याने हुंगली, आधी माझ्याकडे पाहिलं.

सुरीचं पुढे काय झालं कळलं नाही.
कुठल्यातरी मंडईत कोणीतरी क्रेट उघडला असेल,
संत्र्यांवर सुरी,
पात्याला चिकटलेलं एक तांबडं पीस.