कुकरच्या तळाशी

भात शिजवायचा हा कुकर माझा नव्हे.
उलटा केला की मार्करनं लिहिलेली नावं दिसतात:
रुवान, कॅन्डी, मृदाशास्त्र, दोन वर्षं.
लिन्ह, ह्युए. पुढे नुसताच एक मासा.
एक नाव तापून तापून पुसलं गेलंय,
त्याला पदवी मिळाली की नाही, कुणालाच ठाऊक नाही.
बटण आपोआप सुटत नाही,
लक्ष ठेवावं लागतं, हे मला लिन्हनं सांगितलं होतं.

तार्तूमध्ये नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
मी दलदलीतून निघणारा वायू मोजते.
निघताना आई म्हणाली होती,
चिखल काय आपल्याकडे नव्हता?

वडील गेले तेव्हा परवान्याचे कागद
कुणाच्या तरी टेबलावर सहीसाठी पडून होते,
आणि तिकिटाचे पैसे
टेबलावरसुद्धा नव्हते.
तीन आठवड्यांनी, शनिवारी, कुमासीत ढोल वाजले.
ते मी फोनवर पाहिले.
काळ्या-तांबड्या कपड्यांतली सगळी माणसं
दर दोन मिनिटांनी जागच्या जागी गोठायची.
भाऊ विचारत होता, दिसतंय ना? दिसतंय ना?
मी म्हणत होते, दिसतंय.
आणि मागे भात लागला.

धुराची घंटा झाली.
खालची रखवालदारीण टीऊ जिना चढून आली,
हातात दंडाची पावती.
खिडकी उघडली. फोनकडे पाहिलं.
पावती परत खिशात घातली
आणि चमचा घेऊन तळ खरवडायला बसली.

आमच्याकडे या खरवडीला कांझो म्हणतात, मी सांगितलं.
वडील मुद्दाम भात करपू द्यायचे
आणि नाव आईचं घ्यायचे.
टीऊ हसली नाही.
मीठ मागितलं तिनं.

जूनमध्ये मीही तळाशी जागा शोधली:
सेरवा, कुमासी.
दलदल लिहायला जागा उरली नाही.
नव्या आलेल्या शेरझोदला कुकर दाखवला.
त्यानं तो अदबीनं हातात घेतला, अदबीनंच परत दिला.
यात पुलाव केला तर
समरकंदात तोंड दाखवता यायचं नाही, म्हणाला.
मग टीऊनंच उचलला, काखेत मारून जिना उतरली.

परवा तिच्याकडून फोटो आला. मजकूर काही नाही.
तिच्या टेबलाखाली कुकर, झाकण उघडं,
आत पोरांनी हरवलेल्या किल्ल्या
आणि डाव्या हाताचा एक मोजा.
वायर नीट गुंडाळून ठेवलेली.

तळ तेवढा फोटोत येत नाही.