हरकती व सूचना

पिवळा म्हणजे राहणं.
जांभळा म्हणजे कामधंदा.
हिरवा म्हणजे अजून काही ठरलेलं नाही.
आकुर्डीच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी
बेंद्रे सरांनी मला हे हसत सांगितलं होतं,
मीही हसले होते.

बोरजाईच्या सुनावणीला शाळेच्या व्हरांड्यात
चिकटपट्टीनं नकाशा लावला.
वारा डाव्या कोपऱ्यातून आत शिरायचा
आणि चाकणकडची सगळी जांभळी बाजू फुगायची,
जणू कारखाने श्वास घेतायत.
लोक आपापला गट नंबर शोधत होते
नकाशावर बोट टेकवून,
शेजाऱ्याच्या बोटाकडे तिरकं बघत.

भिवाजी ठिगळे म्हणाले, आमचं पिवळ्यात घ्या.
त्यांचे चुलते म्हणाले, आमचंही घ्या, पण याच्या आधी.
मी लिहीत गेले. हरकत एक. हरकत दोन.
एकानं विचारलं, दोन हजार एक्केचाळीसला
गावात अकरा हजार चारशे माणसं, हे कुणी मोजलं?
मी म्हटलं, त्याला सूत्र असतं.
मागून आवाज आला,
मग सूत्रालाच विचारा, पाणी कुठलं पाजणार?
हशा पिकला.
मी वहीत लिहिलं, पाणी,
आणि खाली दोनदा रेघ ओढली.

चहा झाला. खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती
तेव्हा उभी राहिली नसीम मुलाणी.
अंगात कंपनीचा करडा शर्ट,
खिशावर नाव नाही, ठेकेदाराचा नंबर.

"मला गट नंबर नाही," ती म्हणाली.
"ठिगळ्यांच्या खोल्यांत राहते, दहा बाय दहा, तिघीजणी.
शिफ्ट वेगळ्या, त्यामुळं
एकीचं अंथरूण दुसरीला ऊनच मिळतं.
एवढंच सांगा, मॅडम,
पिवळ्यातनं जांभळ्यात चालत जायला
किती वेळ लागतो?"

मी पट्टी लावली.
सव्वीस सेंटिमीटर. दोन हजार सहाशे मीटर.
"अर्धा तास," मी म्हणाले. "फार तर पस्तीस मिनिटं."
ती म्हणाली, "दिवसा."

मग ती सांगत राहिली,
हात मागे बांधून, शाळेत कविता म्हणतात तशी:
साडेअकराला सुटते, बस हायवेलाच सोडते,
पुढं ओढा, पुढं वीटभट्टी,
तिथली कुत्री आम्हाला ओळखतात
पण महिन्याला एखादं नवीन येतंच.
दिवा एकच, तोही भट्टीवाल्याचा,
विटा मोजायच्या असल्या तर लागतो.
"तुमच्या नकाशात तिथं काय आहे?"

मी वाकून पाहिलं.
ओढा, भट्टी आणि तिच्या पायवाटेवर
नेमकी तिथंच आम्ही सूची छापली होती,
चौकट करून, नीट, मराठीत:
पिवळा म्हणजे राहणं.
जांभळा म्हणजे कामधंदा.

ठिगळे म्हणाले, रस्ता तिकडून काढला
तर माझे तीन गुंठे जातील.
त्यांची ती भाडेकरू.
कुणी कुणाकडे बघेना.
मी लिहिलं, हरकत सत्तेचाळीस.

संगणकात भरायला घेतली
तर गट नंबरचा रकाना रिकामा सोडता येईना.
मी शून्य टाकलं. घेतलं नाही.
सत्तेचाळीस टाकलं, तर ते दुसऱ्याच कुणाचं
डाळिंबाचं शेत निघालं.
शेवटी ठिगळ्यांचाच नंबर टाकला
आणि शेऱ्यात लिहिलं, अर्जदार चालत जातात.

सूचीची चौकट उचलून
मी वरच्या उजव्या कोपऱ्यात नेली, डोंगराकडं,
जिथं हिरवा होता, म्हणजे काही ठरलेलं नव्हतं.
मोकळ्या झालेल्या जागी एक बारीक तुटक रेघ ओढली.
सर म्हणाले, ही रेघ सूचीत नाही.
म्हटलं, टाकते.
"टाक, पण छपाई गुरुवारी आहे."

बुधवारी दुपारी फोन आला,
वाऱ्याचा आवाज, मागं घंटा वाजत होत्या.
"मी बरकडे बोलतोय, डोंगराकडनं.
आमच्या मेंढ्यांचा वाडगा
नव्या नकाशात दिसंना झालाय.
त्याच्यावर काहीतरी लिहिलेलं आहे म्हणं पोरगं.
काय लिहिलंय, ताई?"