अकरा सेकंद

केसाच्या जाडीत आडवे शे-दोनशे मावतील
एवढासा एक खांब.
खांब कसला, थरांची चवड:
चुंबक, मग चार-दोन अणूंची भिंत,
मग पुन्हा चुंबक.
प्रवाह सोडला की वरचं चुंबकत्व
भोवऱ्यासारखं डुलत फिरू लागतं
सेकंदाला अब्जावधी वेळा.
ना जाळी, ना हात.

ग्रनोबलला, इझेर नदीकाठच्या प्रयोगशाळेत
ओदिल सकाळपासून तीन खांब गमावून बसली आहे.
व्होल्टेज कणभर चढलं की भिंत फुटते.
आवाज होत नाही. पडद्यावरची रेघ आडवी होते, बस्स.
ती वहीत फुली मारते,
सुई उचलते,
शेजारच्या खांबावर टेकवते.

तिचे वडील फिर्मँ वेर्कोरच्या पठारावर
बचावपथकाच्या रेडिओपाशी बसायचे.
एक चकती, एक काटा, एक कान.
काटा एका जागी असला की
बाकी सगळ्या आकाशाला ते बहिरे.
एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत
कोणीतरी अकरा सेकंद हाक मारली,
काटा नव्हता तिथे.
दरीपलीकडच्या एका हौशी माणसाच्या टेपवर
ती नंतर सापडली. माणूस नाही सापडला.
घरात यावर बोलणं झालं नाही कधी.
फक्त जेवताना त्यांचा अंगठा
मीठदाणीचं झाकण फिरवत राहायचा,
थोडं इकडे, थोडं तिकडे.

ओदिलचा काटा करवतीच्या दातांवरून धावतो:
व्होल्टेज चढतं, कोसळतं, चढतं,
भोवऱ्याचा सूर त्याच्यामागे फरपटत जातो.
सगळा पट्टा विंचरून होतो
एका मायक्रोसेकंदात, आणि लगेच पुन्हा.
बाहेरून आलेली लहर यात घुसळली जाते
आणि वर येतो एक ठिपका.
तो किती उशिरा वर आला
यावरून ओळखायचं, लहर कुठल्या सुरातली.

साडेसहाला, चौथ्या खांबावर,
खरखरीने केसाळलेल्या रेघेत
एक शेंडा उभा राहतो.
दोन-चार मायक्रोसेकंद जगलेला सिग्नल,
तिनेच सोडलेला, तिलाच सापडलेला.
तरी ती खुर्चीतून उठते.

रविवारी ती वडिलांना सांगते,
उजव्या कानाशी, मोठ्याने.
ते विचारतात, "मग काय म्हणत होतं ते?"
"ते नाही कळत, पपा.
कुठे कोणीतरी आहे, एवढंच कळतं."

मीठदाणीचं झाकण थांबतं.
"अकरा सेकंदांत किती वेळा बघून होईल?"

या घरात तो आकडा
पहिल्यांदाच कोणी उच्चारला.
उत्तर तिला पाठ आहे,
विद्यार्थिदशेत एकदा रात्री मांडून ठेवलेलं:
एक कोटी दहा लाख.

"बऱ्याच वेळा," ती म्हणते,
आणि सुपाचं भांडं त्यांच्याकडे सरकवते.