डावा पाय

भावाने फोनवरच हिशोब मांडला:
बावीस वर्षं, आठवड्याच्या चार रात्री,
रात्री दोन तास. नऊ हजारांच्या वरच गेले की.
एवढ्यात, म्हणाला, दोन खानावळी उभ्या केल्या असत्यास.
त्याच्या पाठीमागे ताटल्या वाजत होत्या.
जकार्ता. दुपारची गर्दी.

पदरात काय पडलं?
वाईट मनाने नाही विचारलं.
शाफ्रिझाल वाईट मनाने कधीच काही विचारत नाही.

तो दोन वर्षं शिकला आणि गेला.
आमच्यात मुलगे जातातच, घर मुलीकडे राहतं;
घराबरोबर भाताचं खाचर, म्हैस, गळकं छप्पर,
आणि आबाकची सिलेक,
वडिलांनी खरं तर त्याच्यासाठी राखलेली.

मला आठवतं ते मुद्दाम ओलं केलेलं अंगण.
कोरड्यावर कुणीही उभा राहतो, म्हणायचे आबाक,
आणि आणखी एक बादली ओतायचे.
उजवा गुडघा आता जिन्यात बोलतो.
मामा एका घरी पानसुपारी घेऊन गेले होते माझ्यासाठी,
ती तशीच परत आली. मुलगी मारकुटी असेल, म्हणाले म्हणे.

मी शाफ्रिझालला सांगितलं:
बुकिटिंगीच्या बाजारात एकदा एकाने सुरा दाखवला,
मी पाकीट देऊन टाकलं.
तो इतका हसला
की गिऱ्हाइकाने विचारलं काय झालं.
हसू दे.
पाकिटात तीन ताटांपुरते पैसे होते.
तीन ताटांसाठी मनगट मोडू नये,
आपलं नाही, त्याचंही नाही.
हेसुद्धा त्या नऊ हजारांतच शिकले मी,
पण असलं काही हिशोबात कुठे लिहितात?

जे सांगितलं नाही ते हे.
गुरुवारी, रात्रीच्या नमाजानंतर,
गोठ्यातून येत होते, हातात दुधाची बादली.
दारात आबाक. त्यांच्या हातात कोयता.
चोर, म्हणाले.
मला.
चार महिने झाले, घर त्यांना अनोळखी होत चाललंय,
एकेक खोली करत.

कोयता वरून आला,
खांद्यातून नाही, कमरेतून,
शिकवायचे तसाच. देखणा आला.
मी काही ठरवलं नाही.
दुसरं पाऊल बाजूला पडलं, मग आत,
त्यांचं मनगट माझ्या तळव्यात
(केवढंसं झालंय ते मनगट)
दुसरा हात कोपराखाली,
आणि हिसका न देता वळवलं,
झोपलेलं मूल
एका मांडीवरून दुसरीवर घेतात तसं.

कोयता चिखलात पडला.
दूध सगळं सांडलं.

धाप लागली होती त्यांना.
माझ्याकडे बघत राहिले, खूप वेळ.
वाटलं, आता नाव घेतील.
म्हणाले,
डावा पाय उशिरा आला.

आला होता खरा.
बावीस वर्षं तो उशिराच येतोय.

कोयता आता तांदळाच्या कणगीत आहे, तळाशी.

रविवारी मीच फोन लावला.
विचारलं, चौदा ताटल्या एका हातावर
कशा नेतोस रे त्या गर्दीतून?
सवय, म्हणाला.
गुडघे वाकवून?
जरा गप्प झाला. मग म्हणाला, ठेवतो, गिऱ्हाईक आलंय.

संध्याकाळी दोन पोरं यायची होती शिकायला.
आली नाहीत, परीक्षा आहेत त्यांच्या.
आबाक आत झोपलेले,
किंवा झोपल्यासारखे.
मी विहिरीवरून बादली भरून आणली
आणि अंगणात ओतली.