शेजारी शोधताना

पहाटे पावणेतीनला पुन्हा तेच.
अठ्ठेचाळीस हजार सातशे बाराव्या त्रिकोणाने
अंग मुरडलं, आतलं बाहेर केलं,
आणि पडद्यावर लाल अक्षरं: क्षेत्रफळ ऋण.
असा भूखंड अख्ख्या नाशकात
फक्त माझ्या नावावर.

जाळी मी स्वतः विणली होती,
गंगापूर धरणापासून टाकळीच्या संगमापर्यंत,
रामकुंडाशी बारीक, पुढे सैल.
पाणी सरळ चढत होतं तोवर छान बसली.
मग होळकर पुलाच्या खांबाशी
पाणी स्वतःतच गुंतलं, मागे वळलं, उताणं झालं.
जाळीला तेवढं वळता येईना.

कापडणीस मॅडम म्हणाल्या, जाळी सोड.
नुसते बिंदू ठेव, पाण्याबरोबर जातील.
मी म्हटलं, मग कोण कोणाच्या शेजारी, हे कसं कळणार?
चष्मा पुसत म्हणाल्या, विचारायचं.
प्रत्येक क्षणी नव्याने विचारायचं.

रविवारी मेरीच्या मागे
रंगनाथ बेंडकुळ्यांकडे गेले.
एकतीस वर्षं नदीची पट्टी वाचलेला माणूस.
पट्टी बुडाली की पुढे काय करायचे?
त्यांनी फडताळातून वही काढली.

भांडीबाजार. कासारांचा उंबरा चार बोटं वर.
सांडव्यावरची देवी. पायऱ्या उरल्या तीन.
नारोशंकर. ओटा ओला.
दुतोंड्या मारुती. गुडघे.
दुतोंड्या. कंबर, दुपारी सव्वाचार.
दुतोंड्या. पाहायला जाता आलं नाही.

एका नोंदीपासून दुसरीपर्यंत रेघ म्हणून नाही.
मी विचारलं, ह्या दोन जागांच्या मध्ये काय होतं?
"पाणीच की, ताई."

तर असं आहे.
प्रत्येक बिंदूभोवती एक वर्तुळ.
जवळच्याचं जास्त ऐकायचं, लांबच्याचं कमी,
वर्तुळाबाहेरच्याचं अजिबात नाही,
मग तो कितीही ओरडो.
सगळ्यांची वजनं मिळून एक भरली पाहिजेत,
पै कमी नको, पै जास्त नको.
वर्तुळ लहान धरलं आणि आत कुणी आलंच नाही
तर गणित मटकन बसतं:
एकट्या बिंदूला उतार पडत नाही.

फुकटात काहीच नाही.
जाळीला शेजारपाजार पाठ असतो,
इथे निम्मी रात्र शेजारी शोधण्यातच जाते.
काठावर तर फारच हाल.
बिंदू भिंतीला ओळखतच नाहीत,
घाटाच्या दगडातून खुशाल आरपार जातात.
भिंतीला सांगावं लागतं, तू भिंत आहेस,
पाण्याला दंड लावावा लागतो,
दहाचा नववा घात एवढा जबर,
तेव्हा कुठे ते दगडाला दगड म्हणतं.

गुरुवारी गणित शेवटपर्यंत चाललं.
कुणी उलटं झालं नाही, काही फाटलं नाही.
एक लाख चाळीस हजार बिंदू
भोवऱ्यात शिरले, एकमेकांना विसरले,
दुसऱ्या बाजूने नवे शेजारी घेऊन निघाले.
मी उठून चहा ठेवला आणि तो उतू घालवला.

उत्तर आलं: दुतोंड्याच्या छातीखाली बारा सेंटिमीटर.
बेंडकुळ्यांना फोन केला.
"छाती कुठून धरलीस?"
नकाशावरून.
"शेंदूर धरलास का? वर्षावर्षाला जाड होतो तो."
नव्हता धरला.
पलीकडे ते खोकले, की हसले, कळलं नाही.

मग मी त्यांना ते विचारलं,
पाहायला का जाता आलं नाही?
बराच वेळ मागचा पंखा तेवढा ऐकू येत होता.
"घरात होतो," म्हणाले, "त्या दिवशी."
आणि शेंदराचं पुन्हा सांगू लागले.

रात्री तो बिंदू मी मांडला.
जागा माहीत, वेळ माहीत, किंमत रिकामी.
वर्तुळ थोडं मोठं धरलं.
अकरा शेजारी आले.
बघू, काय म्हणतात.